ब्रेटन म्हणजे कोण, काय आणि कुठलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या वायव्य टोकाला एक जुनी केल्टिक भाषा अजून बोलली जाते, हे कळलं की बहुतेक वाचक चकित होतात आणि मग प्रश्न सुरू होतात. भाषांतर करणारे, फ्रेंच शिकणारे, स्पर्धा परीक्षा देणारे, नुसतेच कुतूहल असलेले असे सगळेच लिहितात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. ब्रेटन म्हणजे नेमकं काय? माणूस, भाषा की प्रदेश?

माणूस आणि भाषा. प्रदेश नाही. फ्रान्सच्या नकाशात पश्चिमेला जमिनीचा जो सुळका अटलांटिकमध्ये घुसलेला दिसतो, तो ब्रिटनी प्रांत. तिथला माणूस ब्रेटन आणि तिथली केल्टिक भाषाही ब्रेटन. शिवाय तिथल्या कुठल्याही गोष्टीला विशेषण म्हणून हाच शब्द लागतो: ब्रेटन लोणी, ब्रेटन संगीत, ब्रेटन कोळी. म्हणून ‘तो सुट्टीत ब्रेटनला गेला’ हे चूक, ‘ब्रिटनीला गेला’ हे बरोबर. आपल्याकडे मराठी हे माणसाचं आणि भाषेचं नाव आणि महाराष्ट्र हे प्रदेशाचं, तशीच ही विभागणी आहे.

फ्रेंचमध्ये माणसासाठी हा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो आणि भाषेसाठी किंवा विशेषण म्हणून लहान अक्षराने. देवनागरीत ती सोय नाही. त्यामुळे लेखात पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘ब्रेटन लोक’ किंवा ‘ब्रेटन भाषा’ असं पूर्ण लिहावं. नंतर नुसतं ‘ब्रेटन’ चालतं.

२. ब्रेटन आणि ब्रिटिश एकच ना? वर्तमानपत्रात तर कधीकधी एकासाठी दुसरा शब्द दिसतो.

एक नाहीत, पण मूळ एक आहे, म्हणून गोंधळ होतो. रोमन काळात आजच्या इंग्लंड-वेल्सच्या भागात राहणाऱ्या केल्टिक लोकांना लॅटिनमध्ये ‘ब्रितो’, अनेकवचनी ‘ब्रितोनेस’ म्हणत. अँग्लो-सॅक्सन टोळ्या तिथे पसरत होत्या त्या काळात, साधारण ५व्या-६व्या शतकांत, यांतले बरेच लोक इंग्लिश खाडी (इंग्लंड आणि फ्रान्समधला समुद्राचा पट्टा) ओलांडून समोरच्या किनाऱ्यावर स्थायिक झाले. त्या किनाऱ्याचं तोपर्यंतचं नाव आर्मोरिका, म्हणजे ‘समुद्रालगतचा मुलूख’. नवे लोक आले आणि मुलखाचं नावही बदललं. ब्रितोंचा देश म्हणून तोही ‘ब्रितानिया’ झाला.

आता दोन ब्रितानिया झाल्या. म्हणून मध्ययुगीन लॅटिन लेखनात बेटाला ‘मोठं ब्रिटन’ आणि खाडीपलीकडच्या मुलखाला ‘छोटं ब्रिटन’ म्हणू लागले. ‘ग्रेट ब्रिटन’मधला ‘ग्रेट’ हा असा आकाराचा आहे. त्याचा मोठेपणाशी काही संबंध नाही. फ्रेंच माणूस आजही नुसतं ‘ब्रतान्य’ म्हणतो तेव्हा त्याला ब्रिटनी अभिप्रेत असते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या बेटाला तो ‘ग्रांद-ब्रतान्य’ म्हणतो.

थोडक्यात, ब्रिटिश म्हणजे आजच्या युनायटेड किंगडमचा नागरिक. ब्रिटन हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात माणसासाठी आला, तर तो त्या बेटावरचा प्राचीन केल्टिक रहिवासी. ब्रेटन म्हणजे फ्रान्समधल्या ब्रिटनीचा. ब्रेटन माणसाचा पासपोर्ट फ्रेंच असतो. त्याला ब्रिटिश म्हणणं ही साधी तथ्याची चूक आहे आणि ती टाळता येते.

३. मराठीत कसं लिहायचं? ब्रेटन, ब्रेतॉन, ब्रतॉं, ब्रेटॉन असं सगळं वाचलं आहे.

‘ब्रेटन’ हे इंग्रजी उच्चाराचं रूप आणि मराठीत तेच जास्त रुळलं आहे. फ्रेंच उच्चार ‘ब्रतॉं’च्या जवळ जातो, शेवट नाकात. ‘ब्रेतॉन’ हे दोन्हींच्या मधलं रूप. प्रांताचं नावही ब्रिटनी, ब्रतान्य, ब्रत्तान्य असं वेगवेगळं लिहिलेलं दिसेल.

माझं मत असं: सर्वसाधारण मजकुरात ‘ब्रेटन’ आणि ‘ब्रिटनी’ ठेवा, वाचक अडत नाही. फ्रेंचमधून थेट भाषांतर करत असाल आणि बाकी सगळी नावं फ्रेंच उच्चाराप्रमाणे लिहिली असतील, तर ‘ब्रतॉं’ आणि ‘ब्रतान्य’ घ्या. एकाच लेखात दोन पद्धती मात्र नकोत. विभक्ती नेहमीसारखीच लागते: ब्रेटनांचा, ब्रेटनांना, ब्रेटनमध्ये (भाषेत).

४. हे लोक स्वतःच्या भाषेत स्वतःला काय म्हणतात?

प्रांताला ‘ब्रेइझ’, तिथल्या पुरुषाला ‘ब्रेइझाद’, बाईला ‘ब्रेइझादेझ’, सगळ्यांना मिळून ‘ब्रेइझिझ’ आणि भाषेला ‘ब्रेझोनेग’. फ्रान्समधल्या गाड्यांच्या मागे बी-झेड-एच अशा तीन रोमन अक्षरांचं स्टिकर दिसतं, ते ‘ब्रेइझ’चंच संक्षिप्त रूप. त्यातल्या झेड-एचची गोष्ट प्रश्न ७ मध्ये आहे.

५. ब्रेटन ही फ्रेंचची बोली आहे ना? फ्रान्समध्येच तर बोलतात.

नाही. आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून थोडं सविस्तर.

फ्रेंच लॅटिनपासून आली. ब्रेटन केल्टिक कुळातली, त्यातही ब्रिटॉनिक शाखेतली. तिच्या सख्ख्या बहिणी दोन: कॉर्निश आणि वेल्श. आयरिश आणि स्कॉटिश गेलिक या चुलत बहिणी. फ्रेंचशी तिचं नातं शेजाराचं. शेजार दीड हजार वर्षांचा असल्यामुळे शब्दांची देवाणघेवाण भरपूर झाली, पण हाडं वेगळी आहेत. पावाला फ्रेंच ‘पँ’ म्हणते. ब्रेटनमध्ये तो ‘बारा’ आणि वेल्शमध्येही ‘बारा’च. समुद्र फ्रेंचमध्ये ‘मेर’, ब्रेटन आणि वेल्शमध्ये ‘मोर’. पाणी फ्रेंचमध्ये ‘ओ’, ब्रेटनमध्ये ‘दूर’.

व्याकरणातला फरक याहून मोठा. ब्रेटनमध्ये शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं. ‘ति’ म्हणजे घर. ‘त्याचं घर’ म्हणायचं तर ‘ए दि’ आणि ‘तिचं घर’ म्हणायचं तर ‘ए झि’. ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ यांसाठीचे शब्द लिहिताना वेगळे असतात, कारण एकात आधी ‘ह’ लिहितात. पण तो ‘ह’ बहुधा ऐकू येत नाही. घर त्याचं की तिचं, हे कानाला सांगतो तो ‘घर’ या शब्दाचा पहिला आवाज. ‘पेन’ म्हणजे डोकं: त्याचं डोकं ‘ए बेन’, तिचं डोकं ‘ए फेन’. शब्दकोशात ‘बेन’ किंवा ‘फेन’ शोधणाऱ्याला डोकं सापडत नाही. ‘प’ खाली पाहायला हवं, हे आधी माहीत असावं लागतं. नवशिके इथेच पहिल्यांदा अडखळतात.

मोजणी विसांची. साठ म्हणजे तीन-वीस, ऐंशी म्हणजे चार-वीस. आपल्या खेड्यांत जुनी माणसं ‘तीन विसा’ म्हणत, त्यांना हे लगेच कळलं असतं. पन्नास म्हणजे ‘अर्धं शंभर’. आणि अठरा म्हणजे ‘त्रिवेख’, तीन सहा. माझा हा सगळ्यात आवडता आकडा.

लेखी परंपराही जुनी आहे. ब्रेटन, फ्रेंच आणि लॅटिन असा त्रैभाषिक शब्दकोश ‘काथोलिकॉन’ १४६४ मध्ये रचला गेला आणि १४९९ मध्ये छापून निघाला. फ्रेंचच्याही पहिल्या छापील शब्दकोशांपैकी हा एक मानतात. जिचा शब्दकोश पंधराव्या शतकात छापला गेला, तिला आज बोली म्हणून मोडीत काढू नये.

६. मग ब्रिटनीत सगळे ब्रेटन बोलतात का?

नाही, आणि पूर्वीही सगळे बोलत नव्हते. प्रांताचे दोन भाग पडतात. पश्चिमेकडची ‘खालची ब्रिटनी’ ब्रेटन बोलणारी. रेन शहराच्या बाजूची ‘वरची ब्रिटनी’ गालो बोलणारी. गालो ही फ्रेंचसारखीच लॅटिनकुळातली भाषा. म्हणजे वरच्या ब्रिटनीतला माणूस शंभर टक्के ब्रेटन असू शकतो आणि त्याच्या घराण्यात ब्रेटन भाषा कधीच बोलली गेली नसेल. ‘ब्रेटन माणूस’ आणि ‘ब्रेटनभाषक’ हे दोन शब्द वेगळे ठेवायचे ते यासाठी. भाषांतरात यांची सरमिसळ फार होते.

२०व्या शतकाच्या मध्याला ही भाषा बोलणारे सुमारे १० लाख होते. २०१८ च्या पाहणीत सुमारे २ लाख निघाले आणि त्यानंतरच्या, २०२४ च्या पाहणीत सुमारे १ लाख ७ हजार. बोलणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त असल्यामुळे घसरण इतकी वेगाने होते. युनेस्कोच्या यादीत ब्रेटन गंभीर धोक्यातल्या भाषांत आहे.

हे आपोआप झालं नाही. १९व्या शतकापासून २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक शाळांत एक पद्धत होती. वर्गात किंवा मैदानावर ज्याच्या तोंडून ब्रेटन शब्द निघेल त्याच्या गळ्यात एक वस्तू अडकवायची, बहुधा जुना लाकडी बूट. तिला ‘सिंबोल’ म्हणत, कुठे ‘गाय’ म्हणत. सुटका हवी तर दुसऱ्या कुणाला ब्रेटन बोलताना पकडायचं आणि ती वस्तू त्याच्या गळ्यात घालायची. दिवस संपताना ती ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. म्हणजे मुलांनाच मुलांवर पाळत ठेवायला लावायचं. ती मुलं मोठी झाली आणि त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंचच बोलायचं ठरवलं. त्यांना दोष देता येत नाही. मुलाला आपल्यासारखा त्रास नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुसरी बाजूही आहे. १९७७ मध्ये ‘दिवान’ शाळा सुरू झाल्या, जिथे सगळं शिक्षण ब्रेटनमधून होतं. ‘दिवान’ म्हणजे अंकुरणं. सरकारी आणि कॅथलिक शाळांतही द्वैभाषिक वर्ग आहेत, रस्त्यांवरच्या पाट्या दोन भाषांत आहेत. कायद्याने मात्र ब्रेटनला राजभाषेचा दर्जा नाही. फ्रान्सच्या घटनेत १९९२ पासून ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ असं वाक्य आहे. २००८ मध्ये प्रादेशिक भाषा हा देशाचा वारसा आहे अशी भर पडली. पण मे २०२१ मध्ये फ्रान्सच्या घटना परिषदेने पूर्णपणे प्रादेशिक भाषेतून शिकवण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि दिवानसारख्या शाळांवर टांगती तलवार आली.

७. ब्रेटनच्या बोली किती? आणि त्या झेड-एचचं काय?

परंपरेने चार: लेऑन, त्रेगोर, कॉर्नुआय आणि वान या भागांच्या. पहिल्या तिघी एकमेकींच्या जवळच्या, वानची बोली बरीच वेगळी. ‘ब्रेइझ’मधला शेवटचा आवाज पहिल्या तिघींत झेडने लिहीत आणि वानमध्ये एचने. १९४१ मध्ये एकत्रित लेखनपद्धती ठरवताना दोन्ही अक्षरं शेजारी बसवली. वाचणाऱ्याने आपापल्या बोलीचा उच्चार करावा. बोलींचा प्रश्न कुणालाही हरवू न देता सोडवण्याची ही रीत मला फार समजूतदार वाटते. ती सगळ्यांनी लगेच मान्य केली असं मात्र नाही. लेखनाच्या इतर पद्धतीही नंतर वापरात राहिल्या.

यातल्या ‘कॉर्नुआय’ या नावाकडे लक्ष द्या. ते इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचंच नाव. लोक खाडी ओलांडून येताना गावाचं नावही घेऊन आले.

८. नांत शहरातल्या माणसाला ब्रेटन म्हणायचं का?

प्रशासनाच्या नकाशाने नाही, इतिहासाने हो. ब्रिटनीच्या सरदारांचा मुख्य वाडा नांतमध्ये आहे. तिथली शेवटची प्रसिद्ध राज्यकर्ती आन १४७७ मध्ये नांतमध्येच जन्मली. तिची लग्नं फ्रान्सच्या दोन राजांशी झाली, एकामागून एक, आणि १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सला जोडली गेली. नांतचा जिल्हा ब्रिटनीपासून तोडला गेला तो १९४१ मध्ये, व्हिशी सरकारच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारच्या काळात. १९५०च्या दशकात आजचे प्रदेश आखले गेले तेव्हाही तो बाहेरच राहिला. आजच्या ब्रिटनी प्रदेशात चारच जिल्हे आहेत: फिनिस्तेर, कोत-दार्मोर, मोर्बियां आणि ईल-ए-विलेन. नांत परत जोडावं ही मागणी जिवंत आहे आणि त्यासाठी मोर्चेही निघतात.

लिहिताना संदर्भ पाहा. आकडेवारी असेल तर ‘ब्रिटनी’ म्हणजे चार जिल्हे की ऐतिहासिक पाच, हे सांगा. त्यावर आकडे बरेच बदलतात.

९. आजी-आजोबा ब्रिटनीचे, जन्म पॅरिसचा. असा माणूस ब्रेटन का?

तो स्वतःला म्हणत असेल तर हो. ब्रेटन असल्याचा कुठलाही सरकारी दाखला नसतो. रेल्वे आल्यावर हजारो लोक कामाच्या शोधात पॅरिसला गेले आणि गाडी जिथे थांबायची त्या मोंपार्नास स्थानकाच्या आसपास राहिले. त्या गल्ल्यांत आजही क्रेपची, म्हणजे ब्रिटनीतल्या पातळ पोळीची, दुकानं ओळीने आहेत.

१०. आंद्रे ब्रेटन ब्रेटन होता का?

अतिवास्तववादाचा हा प्रवर्तक, १९२४ च्या जाहीरनाम्याचा लेखक, १८९६ मध्ये तँशब्रे या गावी जन्मला. ते गाव नॉर्मंडीत आहे. ‘ब्रेटन’ इथे आडनाव. अशी आडनावं बऱ्याचदा ब्रिटनीबाहेरच पडतात, कारण ब्रिटनीत सगळेच ब्रेटन, तिथे हे सांगून ओळख पटणार नाही. परगावी जाऊन राहिलेल्याला मात्र शेजारी ‘तो ब्रेटन’ म्हणतात आणि पुढे तेच आडनाव होतं. शेतकरी स्त्रियांची चित्रं काढणारा झ्यूल ब्रेटन हा १९व्या शतकातला चित्रकारही उत्तर फ्रान्सच्या कूरिएरचा. म्हणून आडनावावरून प्रांत ठरवू नका.

११. अर्थशास्त्रात ‘ब्रेटन वुड्स’ येतं. त्याचा या लोकांशी संबंध आहे का?

नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे हा प्रश्न दर काही दिवसांनी पाठवतात. तिथे इंग्रजीत दोन ‘टी’ आहेत, देवनागरीत मात्र दोन्ही शब्द सारखेच दिसतात. ब्रेटन वुड्स हे अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातलं ठिकाण, त्याला नाव मिळालं इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या ब्रेटन हॉल या वाड्यावरून. जुलै १९४४ मध्ये तिथल्या हॉटेलात ४४ देशांची परिषद भरली आणि त्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक उभ्या राहिल्या. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे. परीक्षेसाठी एवढं पुरे.

१२. कॅनडातलं केप ब्रेटन?

इथे संबंध आहे, पण सरळ नाही. नोव्हा स्कोशियातल्या या बेटाचं नाव उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या युरोपीय नावांपैकी एक. ते तिथे मासेमारीला जाणाऱ्या ब्रेटन कोळ्यांवरून पडलं असं एक मत. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या काप्ब्रतॉं या बंदरावरून पडलं असं दुसरं. आज तिथे ज्या केल्टिक भाषेचा वारसा सांगतात ती ब्रेटन नव्हे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्यांची ती गेलिक. ‘केप ब्रेटनचं केल्टिक संगीत’ असं वाचलंत तर ते स्कॉटिश वळणाचं फिडल समजा.

१३. कपड्यांच्या दुकानात ‘ब्रेटन टॉप’, ‘ब्रेटन स्ट्राइप्स’ लिहिलेलं असतं. ते काय?

निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, लांब बाह्यांचा सुती टॉप. मूळचा फ्रेंच नौदलाच्या खलाशांचा. २७ मार्च १८५८ च्या सरकारी फर्मानाने त्याचं मापच ठरवून दिलं: २१ पांढरे पट्टे आणि २० किंवा २१ निळे, निळा पट्टा पांढऱ्याच्या निम्म्या रुंदीचा. २१ पट्टे म्हणजे नेपोलियनचे २१ विजय, ही कथा सगळीकडे फिरते. फर्मानात तसं काही नाही.

फ्रान्समध्ये याला ‘मारिनिएर’ म्हणतात, म्हणजे खलाशाचा सदरा. ‘ब्रेटन’ हे नाव इंग्रजीतलं. ब्रिटनीतल्या रॉस्कॉफ बंदरातून १८२८ पासून कांदेविके खाडी ओलांडून इंग्लंडात यायचे, पुढे सायकलच्या दांड्यावर कांद्याच्या माळा लटकवून दारोदार फिरायचे. पट्ट्यांचा सदरा आणि ब्रेटन माणूस ही जोडी इंग्रजांच्या मनात त्यांनी पक्की केली. वेल्समध्ये त्यांचं विशेष जमायचं, कारण भाषा बहिणी-बहिणी. म्हणून फ्रेंचमधून भाषांतर करताना ‘मारिनिएर’ला ‘पट्ट्यांचा खलाशी सदरा’ म्हणा. ‘ब्रेटन टॉप’ इंग्रजीतून आलेल्या मजकुरातच शोभतं.

याच रांगेत ‘ब्रेटन हॅट’ही येते: सगळीकडून काठ वर वळलेली बायकांची टोपी.

१४. ‘ब्रेटन गालेत’ शाकाहारी असते का? उपवासाला चालेल का?

गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचा मोठा पातळ डोसा म्हणा. पीठ, पाणी आणि मीठ कालवून ठेवतात, मग ‘बिलिग’ या गोल सपाट लोखंडी तव्यावर लाकडी पट्टीने पसरतात. कडा जाळीदार व्हायला लागल्या की लोण्याचा गोळा फिरवतात. लोणी खारंच. फ्रान्समध्ये इतरत्र बिनमिठाचं लोणी खातात, ब्रिटनीत ते कुणी ताटात घेत नाही.

पीठ शाकाहारी असलं तरी सारणाकडे लक्ष द्या. ‘गालेत कॉम्प्लेत’ मागवलीत तर आत डुकराचं मांस, अंडं आणि चीज येईल. नुसती लोण्याची किंवा मशरूमची मागता येते. कुट्टू ज्यांना उपवासाला चालतो त्यांना पिठाची अडचण नाही. पण काही ठिकाणी त्यात थोडा गहू किंवा अंडं घालतात, तव्यावर आधी काय भाजलं हेही सांगता येत नाही. कडक उपवास असेल तर मी घेणार नाही.

एक घोळ: ‘गालेत ब्रेटन’ या नावाचं लोणी घातलेलं जाड गोड बिस्किटही मिळतं. डब्यातलं ते बिस्किट, तव्यावरची ती कुट्टूची. गव्हाच्या गोड पातळ पोळीला क्रेप म्हणतात. आणि ‘क्विन्यमान’ दिसलं तर सोडू नका. ‘क्विन्य’ म्हणजे केक, ‘आमान’ म्हणजे लोणी, आणि वर साखरेचा खरपूस थर.

१५. ब्रेटन नावाचे प्राणीही असतात?

असतात. ‘एपान्यल ब्रेटन’ हा शिकारी कुत्रा, अमेरिकेत त्याला नुसतं ‘ब्रिटनी’ म्हणतात. ब्रेटन घोडा ओझं ओढणारा, दणकट. आणि काळी-पांढरी बुटकी ब्रेटन गाय, जी संपत आली होती आणि १९७०च्या दशकापासून जपली जात आहे.

१६. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात ‘ब्रेटन ले’ आहे. ते ब्रेटन भाषेत लिहिलेलं काव्य का?

नाही, आणि इथे भले भले फसतात. ब्रेटन ले म्हणजे प्रेम, पऱ्या आणि साहस यांची छोटी कथाकाव्यं. १२व्या शतकात मारी द फ्रान्सने ती जुन्या फ्रेंचमध्ये लिहिली, नंतर मध्ययुगीन इंग्रजीतही झाली. ‘आम्ही ब्रेटन गायकांकडून ऐकलं’ असं ही काव्यं सांगतात. ते मूळ ब्रेटन गाणं हाताशी उरलेलं नाही. शिवाय त्या काळच्या फ्रेंचमधला ‘ब्रतॉं’ खाडीच्या दोन्ही बाजूंच्या केल्टिक लोकांना लागू होतो. आर्थर राजाच्या कथांनाही फ्रेंचमध्ये ‘ब्रतान्यचा विषय’ म्हणतात आणि तिथे अर्थ बेटाचा असतो.

भाषांतरकारांसाठी नियम सांगायचा तर: फ्रेंच मजकूर रोमन काळाचा किंवा मध्ययुगाचा असेल तर ‘ब्रतॉं’ला लगेच ‘ब्रेटन’ लिहू नका. घटना बेटावर घडत असेल तर ‘प्राचीन ब्रिटन लोक’ लिहा.

१७. आपण ब्रेटनमधून आलेले कुठले शब्द वापरतो?

पुरातत्त्वाची आवड असेल तर दोन नक्की. ‘मेनहिर’ म्हणजे उभा केलेला लांब दगड: ‘मेन’ दगड, ‘हिर’ लांब. ‘डॉल्मेन’ म्हणजे आडव्या शिळेचं दगडी मेज: ‘तोल’ मेज, ‘मेन’ दगड. विदर्भातल्या महापाषाणीय संस्कृतीवर मराठीत लिहिताना अभ्यासक हेच शब्द वापरतात. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ब्रिटनीतल्या कार्नाकचे फोटो पाहून ओळखीचं वाटेल. कार्नाकला तीन हजारांहून जास्त दगड ओळींनी उभे आहेत. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला जागतिक वारसा समितीचं अधिवेशन झालं, त्यात कार्नाक आणि मोर्बियांच्या किनाऱ्यावरचे महापाषाण यादीत गेले. त्याच अधिवेशनात आपले मराठा लष्करी स्थापत्याचे किल्लेही गेले.

फ्रेंचमध्ये दागिन्याला ‘बिझू’ म्हणतात, तो ब्रेटन ‘बिझू’ म्हणजे अंगठीवरून, आणि त्यात ‘बिझ’ म्हणजे बोट. समुद्रपक्ष्याचं ‘गोएलां’ हे नावही ब्रेटनच.

१८. ब्रेटन लोकांचा भारताशी किंवा मराठी माणसांशी काही संबंध आला का?

आला. लोरियां हे ब्रिटनीतलं शहर १६६६ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठीच वसलं. नावाचा अर्थच ‘पूर्व’. पाँडिचेरीहून निघालेली कापडाची आणि मसाल्याची गलबतं तिथे लागत.

माहे द ला बूर्दोने हा सँ-मालोचा, जन्म १६९९. त्याने १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकलं. त्याआधी १७३५ पासून तो मॉरिशसचा गव्हर्नर होता आणि तिथलं पोर्ट लुई शहर त्याने उभं केलं. पुढे १९व्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या बोटी याच पोर्ट लुईला लागल्या.

पण ला बूर्दोनेला ‘ब्रेटन’ म्हणावं का, हा बारीक प्रश्न आहे. सँ-मालो वरच्या ब्रिटनीत (प्रश्न ६) आणि तिथल्या लोकांचं जुनं ब्रीद आहे: ‘फ्रेंच नाही, ब्रेटनही नाही, मी मालोचा.’ मी ‘ब्रिटनीतल्या सँ-मालोचा’ असं लिहिते. तथ्य राहतं आणि मालोवाल्यांचा मानही.

१९. कुणाला ब्रेटन म्हटलं तर वाईट वाटतं का?

शब्दात काही वाईट नाही, अभिमानाने सांगतात. हट्टी माणूस म्हणून त्यांची ख्याती आहे आणि त्यासाठी त्यांच्याच भाषेत ‘पेन-कालेत’, म्हणजे कडक डोक्याचा, हा शब्द आहे. तो ते स्वतःबद्दल वापरतात. टाळायचा शब्द आहे ‘प्लूक’, फ्रेंचमधली गावंढळ अशा अर्थाची शिवी. ब्रेटन गावांच्या नावांत सुरुवातीला ‘प्लू’ (परगणा, वाडी) येतं, त्यावरून ती आली असं मानतात. त्यांच्या भाषेला ‘पात्वा’, म्हणजे अडाणी बोली, म्हणणंही टाळा. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

२०. ब्रेटन माणूस भेटला तर दोन शब्द काय बोलू?

‘देमात’ म्हणजे नमस्कार, दिवस चांगला जावो. ‘त्रुगारे’ म्हणजे आभारी आहे. ‘केनावो’ म्हणजे पुन्हा भेटू. उच्चार चुकला तरी बोला. ‘फेस्ट-नोझ’ला, म्हणजे रात्रीच्या नाचाला बोलावलं तर जरूर जा. हा नाच २०१२ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. एक गायक ओळ म्हणतो, तिचे शेवटचे शब्द दुसरा त्याच्याबरोबरच उचलतो आणि ओळ परत म्हणतो, त्यामुळे आवाज कुठेच तुटत नाही. नाचणारे करंगळ्या गुंतवून फेर धरतात. पावलं येत नसली तरी शेजारचा सांभाळून घेतो.

२१. ब्रेटन नावं फ्रेंच सरकारी कागदांवर जशीच्या तशी चालतात का?

बहुतेक चालतात. अडचण एका अक्षराची आहे: ‘एन’ आणि त्यावर नागमोडी रेघ. २०१४ च्या परिपत्रकात मान्य चिन्हांची यादी होती, तीत ही रेघ नव्हती. २०१७ मध्ये ब्रिटनीतल्या एका जोडप्याने मुलाचं नाव ‘फाँश’ ठेवलं आणि न्यायालयाने रेघेला नकार दिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये रेनच्या अपील न्यायालयाने ती मान्य केली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलांचा अर्ज फेटाळला. पण तो तांत्रिक कारणावरून फेटाळला असल्यामुळे नियम सरसकट बदलला नाही आणि पुढे दुसऱ्या मुलांच्या बाबतीतही वाद झाले.

ब्रेटनमध्ये ही रेघ आधीचा स्वर नाकातून काढायला सांगते. स्पॅनिशसारखा ‘न्य’ उच्चार तिथे नाही. म्हणून मराठीत ‘फान्यच’ किंवा ‘फान्च’ लिहू नका. शेवटचा आवाज ‘श’ आहे आणि आधीचा स्वर अनुनासिक. तो आपल्या चंद्रबिंदूने नेमका येतो: फाँश.